शिंद्यांच्या कंपूतले फिरंगी

मराठेशाही का बुडाली, या प्रश्नाची काही ठरलेली उत्तरे आपल्याकडे आहेत. त्यांतले एक फार लाडके. मराठ्यांनी गनिमी कावा सोडला, फ्रेंच सेनापतींच्या हाती कवायती पलटणी सोपवल्या आणि ऐन वेळी ते सेनापती इंग्रजांना जाऊन मिळाले. आमच्या बदलापूरच्या मांजर्लीत गणेशोत्सवातल्या गप्पांपासून शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपर्यंत हे उत्तर ऐकायला मिळते. एका विद्यार्थ्याने तर नेपोलियनचा नामांकित सेनापतीच शिंद्यांच्या नोकरीत होता, असे ठोकून दिले. टाळ्याही मिळाल्या.

त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. या विषयावर दोनशे वर्षे जे लिहिले गेले, त्यात इंग्रजांची भीती, फ्रेंचांचा अभिमान आणि आपली हळहळ अशी मिसळून गेली आहे की खरे काय घडले ते शोधून काढावे लागते.

आधी नेपोलियनचे पाहू. शिंद्यांच्या फौजेत गाजलेले दोन सेनापती म्हणजे डी बॉईन आणि पेराँ. दोघांपैकी एकही नेपोलियनचा माणूस नव्हता. बेनुआ डी बॉईनचा जन्म १७५१चा, सॅव्हॉयमधल्या शांबेरी गावचा. सॅव्हॉय त्या काळी फ्रान्समध्ये नव्हते, सार्डिनियाच्या राजाकडे होते. म्हणजे आपला सर्वांत प्रसिद्ध 'फ्रेंच' सेनापती जन्माने फ्रेंच प्रजाजनसुद्धा नव्हता. तरुणपणी तो फ्रान्सच्या आयरिश पलटणीत होता, मग रशियाच्या नोकरीत गेला, तुर्कांच्या कैदेत पडला, सुटला, आणि १७७८ मध्ये मद्रासला येऊन चक्क ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत अधिकारी झाला. तिथून लखनौ, आणि लखनौहून १७८४ मध्ये महादजी शिंद्यांच्या पदरी. १७९६ मध्ये तो युरोपला परत निघाला, तेव्हा नेपोलियन इटलीच्या मोहिमेत नुकता नाव कमवत होता.

पिएर क्युलिए ऊर्फ पेराँ मात्र खरा फ्रेंच. खलाशी म्हणून आलेला, जहाज सोडून उत्तरेत पोटामागे फिरलेला, १७९० मध्ये डी बॉईनच्या हाताखाली दाखल झालेला. कनौंदच्या वेढ्यात हातबॉम्ब फुटून त्याने एक हात गमावला. हिंदुस्थानात तो सेनापती झाला तो शिंद्यांच्या पगारावर, पॅरिसच्या सनदेवर नव्हे.

नेपोलियनचा हात हिंदुस्थानपर्यंत पोहोचल्याच्या खुणा दोनच सापडतात. १७९८ मध्ये तो इजिप्तमध्ये उतरला आणि तिथून त्याने टिपूला पत्र लिहिले. पुढच्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले. नंतर १८०३च्या उन्हाळ्यात त्याचा जनरल देकाएँ थोडी फौज घेऊन पाँडिचेरीला आला. युरोपात युद्ध पुन्हा पेटल्याचे कळताच तो मॉरिशसला निघून गेला आणि १८१० पर्यंत तिथेच गव्हर्नर राहिला. मराठ्यांच्या रणांगणावर नेपोलियनचा एकही सेनापती उतरला नाही. तरी गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्लीने लंडनला पाठवलेल्या खलित्यांत यमुनेकाठी एक फ्रेंच राज्य उभे राहिल्याचे चित्र रंगवले होते. युद्धाला कारण हवे होते आणि लंडनच्या मालकांना खर्च पटवून द्यायचा होता. ते चित्र पुढे इतिहासाच्या पुस्तकांत शिरले आणि तिथून आपल्या वक्तृत्व स्पर्धेत.

फ्रेंचांच्या बागुलबुवाचा आमच्या परिसराशीही संबंध आला आहे. १७७७ मध्ये सें ल्युबँ नावाचा फ्रेंच वकील चौल-रेवदंड्याच्या बाजूने किनाऱ्याला लागला आणि पुण्याला पोहोचला. नाना फडणविसांनी त्याचा मोठ्या थाटामाटाने सत्कार केला. हा गृहस्थ बऱ्यापैकी बढाईखोर होता. नानांना हे कळत नव्हते असे मानणे कठीण. मुंबईकर इंग्रजांना धडकी भरवणे एवढाच त्याचा उपयोग होता, आणि तो झाला. राघोबादादांना घेऊन इंग्रज पुण्यावर निघाले त्यामागे या धास्तीचा वाटा होता. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांची जी फजिती झाली, ती सर्वांना ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी ते युद्ध कल्याण प्रांतात आले. इंग्रजांनी कल्याण घेतले आणि मलंगगडाला वेढा घातला. पावसाळा सरला की बदलापुरातून जी रांग स्वच्छ दिसते, तिथली ही गोष्ट आहे. त्याच वर्षी डिसेंबरात वज्रेश्वरीजवळच्या दुगाडला इंग्रज सेनानी हार्टलेच्या पलटणींशी झुंजताना मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश मारले गेले. त्यांच्या बाजूने लढणारा नोरोन्या नावाचा पोर्तुगीज अधिकारी जखमी झाला. महादजींनी डी बॉईनला ठेवण्याच्या चार वर्षे आधी, ठाणे जिल्ह्यात पेशव्यांच्या फौजेत एक फिरंगी अधिकारी होता. फिरंगी ठेवणे ही महादजींची एकट्याची लहर होती असे म्हणणाऱ्यांनी एकदा दुगाडकडे पाहावे.

मुळात ही वाट त्याहून जुनी आहे. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली दक्षिणेत तयार झालेला इब्राहिमखान गारदी सदाशिवरावभाऊंकडे आला. १७६०ची उदगीरची लढाई त्याच्या तोफांनी जिंकून दिली आणि पुढच्या जानेवारीत पानिपतावर तो शेवटपर्यंत लढला. पानिपतच्या पराभवाचे खापर कवायती पद्धतीवर फोडण्याची सवय तेव्हापासूनची. पण त्या दिवशी गारद्यांनी शत्रूची उजवी बगल मोडून काढली होती, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.

मग महादजींनी कवायती फौज उभारली ती कशासाठी? याचे उत्तर मला १७८० आणि १७८१ या दोन वर्षांत दिसते. वडगाव आपण जुन्या पद्धतीने जिंकलो हे खरे. इंग्रजांच्या रसदेची कोंडी केली, गवत जाळले, विहिरी बुजवल्या आणि शत्रू घाटमाथ्यावर अडकला. पण ही पद्धत सह्याद्रीत चालते. ऑगस्ट १७८० मध्ये इंग्रज अधिकारी पॉफमच्या मूठभर शिपायांनी रात्रीत ग्वाल्हेरचा किल्ला चढून घेतला, आणि पुढच्या मार्चमध्ये कॅमॅकने महादजींच्या तळावरच रात्री छापा घातला. माळव्याच्या पठारावर आणि दोआबाच्या सपाटीवर घोडदळाने इंग्रजांच्या चौकोनी पलटणी फुटत नाहीत, हे महादजींनी स्वतः अनुभवले. सालबाईचा तह १७८२ मध्ये झाला. दोन वर्षांत दिल्लीच्या बादशहाचा कारभार त्यांच्या हाती आला, आणि त्याबरोबर रजपूत, रोहिले, मोगल सरदार असे सगळे शत्रू. किल्ल्यांचा मुलूख, तोफखान्याची लढाई. तिथे बारगीर घेऊन काय करणार?

डी बॉईनने जे उभे केले त्याला आपले लोक 'कंपू' म्हणत. आधी दोन पलटणी, १७९० नंतर पूर्ण ब्रिगेड, मग दुसरी, मग तिसरी. तिलंगे आणि नजीब असे शिपाई, प्रत्येक पलटणीला तिच्या स्वतःच्या तोफा, आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतण्याचा कारखाना. जखमी शिपायांची व्यवस्था होती आणि अपंग झालेल्याला काही पगार मिळे, अशी नोंद आहे. हे सगळे चालत होते ते एका गोष्टीवर: अलीगडच्या आसपासचा समृद्ध मुलूख या कंपूच्या खर्चासाठी वेगळा लावून दिला होता आणि पगार वेळेवर होत होता. हिंदुस्थानातल्या कुठल्याही दरबारात पगाराला उशीर होणे हाच नियम होता, तिथे ही मोठीच गोष्ट. १७९०च्या जूनमध्ये पाटण, सप्टेंबरात मेडता. रजपुतांचे घोडदळ, ज्याची धडक कोणी रोखत नसे, ते या तिलंग्यांच्या चौकोनांवर येऊन मोडले.

या काळाबद्दल जवळपास सगळ्या इतिहासकारांचे एकमत आहे. महादजींनी उत्तरेत मिळवले ते या कंपूच्या बळावर. वाद पुढच्या दहा वर्षांबद्दल आहे.

डी बॉईनने नोकरी धरतानाच इंग्रजांविरुद्ध लढणार नाही अशी अट घातली होती, असे त्याचे चरित्रकार सांगतात. जाताना त्याने महादजींचे वारस दौलतराव यांना दिलेला सल्लाही त्याच जातीचा: इंग्रजांशी लढाई ओढवून घेण्यापेक्षा पलटणी मोडून टाका. म्हणजे ज्या शत्रूसाठी ही फौज उभारली असे आपण समजतो, त्या शत्रूशी लढण्याचा विचार तिच्या बांधणाऱ्याच्या मनात नव्हता. मग ती लढली कोणाशी?

ही यादी वाचताना त्रास होतो. जून १७९३, लाखेरी: शिंद्यांचा डी बॉईन आणि होळकरांचा दुद्रनेक, दोन्हीकडे फिरंगी पद्धतीच्या पलटणी, आणि तुकोजी होळकरांच्या पलटणींचा जवळपास पूर्ण नाश. मार्च १७९५, खर्डा: ही निदान निजामाशी. तिथे शिंद्यांच्या बाजूने पेराँ आणि निजामाच्या बाजूने रेमाँ, एक फ्रेंच दुसऱ्या फ्रेंचासमोर. (रेमाँची कबर हैदराबादेत अजून आहे.) १८०१, उज्जैन: यशवंतराव होळकरांनी शिंद्यांकडच्या हेसिंगच्या पलटणी उधळल्या. त्याच वर्षी इंदूरला शिंद्यांच्या सदरलँडने होळकरांवर सूड उगवला. ऑक्टोबर १८०२, हडपसर: एकीकडे शिंद्यांच्या पलटणी, दुसरीकडे होळकरांच्या पलटणी, दोन्हीकडचे अधिकारी इंग्रज किंवा स्कॉट. होळकरांचा हार्डिंग पडला, शिंद्यांचा डॉझ पडला, आणि पेशवा दुसरा बाजीराव पळत वसईच्या वाटेला लागला. ३१ डिसेंबर १८०२ला तिथे त्याने कंपनीची तैनाती फौज पत्करली. हिंदुस्थानातले सर्वांत तयार पायदळ असे दहा वर्षे मुख्यतः एकमेकांवर खर्ची पडले. यात फ्रेंचांची फितुरी नाही. ही आपली घरची भांडणे.

पेराँबद्दल मतभेद सर्वांत तीव्र आहेत. १८९२ मध्ये हर्बर्ट कॉम्प्टनने या फिरंगी सरदारांवर जे पुस्तक लिहिले, त्यात डी बॉईन नायक आणि पेराँ खलनायक. कॉम्प्टन इंग्रज होता आणि डी बॉईन शेवटी इंग्लंडला जाऊन स्थायिक होऊ पाहणारा, इंग्रजांशी सलोखा राखणारा माणूस होता, हे ध्यानात ठेवून ते वाचायला हवे. उलट पाँडिचेरीचा गव्हर्नर राहिलेला आल्फ्रेड मार्तिनो १९३१ मध्ये पेराँचे चरित्र लिहितो तेव्हा त्याला आपल्या देशाचा एक मोठा सेनानी दिसतो. मला दोघेही थोडे अपुरे वाटतात. पेराँ हा दौलतरावांच्या दरबारातल्या ओढाताणीत सापडलेला कंत्राटदार होता. दोआबाचा वसूल त्याच्या हाती असल्याने दख्खनमधल्या सरदारांचा त्याच्यावर राग, लखबादादांसारख्यांशी उघड वैर, आणि १८०३ मध्ये त्याच्या जागी अंबाजी इंगळ्यांना नेमायचे चाललेले. २९ ऑगस्टला इंग्रज सेनापती लेकची फौज अलीगडसमोर आली तेव्हा पेराँने थोडी चकमक केली आणि काही दिवसांतच इंग्रजांकडे रस्ता मागून लखनौला निघून गेला. पैसा त्याने आधीच कंपनीच्या मुलखात सुरक्षित ठेवला होता, असे म्हणतात. त्याच्या जाण्याचे समर्थन कोणीच करू शकत नाही. पण जो धनी त्याला काढायला निघाला होता, त्याच्यासाठी त्याने मरावे ही अपेक्षाही भाबडी आहे.

पुढचे दोन महिने वेगाने गेले. ४ सप्टेंबरला अलीगड पडले. हल्ला करणाऱ्यांना वाट दाखवणारा लुकान हा शिंद्यांच्याच नोकरीतून बाहेर पडलेला अधिकारी होता. ११ सप्टेंबरला दिल्लीजवळ शिंद्यांचा सेनानी बुर्कँ हरला आणि शरण गेला. कंपनीने आधीच जाहीरनामा काढला होता: शिंद्यांची नोकरी सोडून या, पेन्शन मिळेल. इंग्रज आणि अर्धे-इंग्रज अधिकारी गेलेच, फ्रेंचही गेले. आग्र्याच्या किल्ल्यात शिपायांनी आपल्याच युरोपीय अधिकाऱ्यांना कैदेत टाकले. त्यांच्यावरचा विश्वास उडाला होता. महादजींच्या कंपूची खरी शोकांतिका मला या एका घटनेत दिसते. सेनापती असूनही शिपायांनी कोंडलेला, आणि तरी शिपाई लढायला तयार.

आता असई. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जागेत. इथे शिंद्यांच्या पायदळाचा मुख्य सेनापती फ्रेंच नव्हताच. तो पोलमान, हॅनोव्हरचा जर्मन. शिंदे आणि नागपूरचे रघुजी भोसले लढाई रंगात येण्याआधीच मैदानाबाहेर. समोर आर्थर वेलस्ली, ज्याने बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवले. त्याच्या सुमारे सात हजार माणसांपैकी पंधराशेहून अधिक मारली गेली वा जखमी झाली. आपल्या सर्व लढायांत असईची कामगिरी सर्वांत उत्तम होती असे तो पुढे म्हणत असे. त्या दिवशी ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या. जवळून मारा करणारे गोलंदाज तोफेजवळच कापले गेले. काही मेल्याचे सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून पुन्हा तोफा डागू लागले. ही माणसे कोण होती, कोणत्या गावची होती, याची नोंद आपल्या पुस्तकांत जवळजवळ नाही. फितूर सेनापतींची नावे मात्र सगळ्यांना पाठ.

१ नोव्हेंबरला लासवारी. तिथे तर युरोपीय अधिकारी राहिलेच नव्हते. एव्हाना शिंद्यांकडे आलेला दुद्रनेक काही दिवस आधी शरण गेला होता. त्या बिनसेनापतीच्या पलटणींनी लेकला इतके झुंजवले की लढाईनंतर त्याने गव्हर्नर-जनरलला लिहिले, यांना फ्रेंच अधिकारी असते तर निकाल काय लागला असता सांगता येत नाही. या वाक्याचे दोन अर्थ लावले गेले. एक असा की फ्रेंच अधिकारी गेल्यामुळेच आपण हरलो. दुसरा, जो मला अधिक पटतो: आपल्या पलटणींत शिपाई तयार होते, तोफा तयार होत्या, आणि फिरंगी गेल्यावर त्यांची जागा घेईल असा आपला अधिकारीवर्ग वीस वर्षांत कोणी तयार केलेला नव्हता. सुभेदाराच्या वरचा दर्जा फिरंग्यासाठी राखीव, आणि फिरंगी गेला की ब्रिगेडचा कणा गेला. कंपनीच्या फौजेतही वरचे अधिकारी गोरेच होते, पण त्यांच्यामागे एक राज्य होते, बढतीची साखळी होती. एक अधिकारी गेला की दुसरा जागेवर येई.

आता लिहिणाऱ्यांकडे पाहू. आर्थर वेलस्लीने १८०४ मध्ये स्वतःच असे मत नोंदवले की शिंद्यांचे पायदळ उत्तम झाले होते, पण मराठ्यांनी एकही युरोपीय वा पायदळ शिपाई न ठेवता घोडदळानेच लढाई चालवली असती तर ते इंग्रजांना जास्त भारी पडले असते. हे मत आपल्याकडे फार आवडले. 'गनिमी कावा सोडला म्हणून हरलो' या उत्तराला जिंकलेल्या सेनापतीची साक्ष मिळाली. पण वेलस्लीला घोडदळ का परवडत होते हे पाहायला हवे. त्याचे मित्र म्हैसूर आणि पुणे त्याला घोडेस्वार आणि बैलांवरची रसद पुरवत होते. वडगावच्या वेळी इंग्रजांकडे ही सोय नव्हती. १८०३ मध्ये जुनी पद्धत घेऊन मैदानात उतरलो असतो तरी रसद तोडण्याचे काम पूर्वीइतके सोपे राहिले नव्हते.

सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२८च्या आपल्या ग्रंथात वेगळा मुद्दा मांडला: या कंपूंमुळे मराठ्यांच्या फौजेचे मराठीपण गेले. त्यात तथ्य आहे. तिलंगे आणि नजीब बहुतेक अवध, रोहिलखंड, दोआबातले. पण उत्तरेत राज्य करायचे तर उत्तरेतले शिपाई घ्यावेच लागणार होते. कंपनीचे शिपाईही तिथलेच. मराठीपण जायचे ते शिपायांमुळे गेले नाही. ते गेले अधिकाऱ्यांच्या फळीत, जिथे एकही मराठा घडवला गेला नाही.

अलीकडे, २००३ मध्ये, रँडॉल्फ कूपर यांनी इंग्रज-मराठा मोहिमांवर जे पुस्तक लिहिले, त्याने चर्चेची दिशाच बदलली. मराठ्यांची तोफखान्याची परंपरा युरोपीयांवर अवलंबून नव्हती, त्यांच्या तोफा बरोबरीच्या होत्या, आणि लढाया कंपनीने मैदानाइतक्याच पैशाने जिंकल्या, असे त्यांचे म्हणणे. जाहीरनामा, पेन्शन, कर्ज काढण्याची कंपनीची ताकद, ही खरी हत्यारे. कूपर काही ठिकाणी ओढून-ताणून बोलतात, पण पैशाबाबत ते बरोबर आहेत असे मला वाटते. डी बॉईनच्या काळी पगार वेळेवर होता तोवर माणसे राहिली. दौलतरावांच्या काळी थकबाकी वाढली, दरबारात अविश्वास वाढला आणि शत्रूने रोख रक्कम पुढे केली.

सगळे वाचून माझा निष्कर्ष असा. महादजींचा निर्णय योग्य होता. फ्रेंच ठेवले यात चूक नव्हती, आणि बरेच 'फ्रेंच' फ्रेंच नव्हतेच. चूक दोन ठिकाणी झाली: त्या विद्येचे मराठी अधिकारी घडवले नाहीत, आणि ती विद्या शत्रूवर वापरण्याआधी भाऊबंदांवर खर्च केली. फितुरीचा मुद्दा खरा आहे, पण तो परिणाम आहे.

३० डिसेंबर १८०३च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांकडून एक कलम लिहून घेतले गेले: फ्रेंचांना, किंवा इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कुठल्याही युरोपीय सत्तेच्या माणसाला, यापुढे नोकरीत ठेवणार नाही. असेच कलम एक वर्ष आधी पेशव्यांनी वसईला मान्य केले होते. नेपोलियनच्या फौजेत खरोखर लढलेले आलार आणि व्हेंतुरा लाहोरला रणजितसिंगांकडे पोहोचले ते १८२२ मध्ये. तोवर पेशवाई संपून चार वर्षे झाली होती. डी बॉईन १८३० मध्ये शांबेरीत मरण पावला. तिथल्या चौकात १८३८ मध्ये त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचे कारंजे उभारले. त्या हत्तींना मागचा भाग नाही, म्हणून गावकरी त्यांची थट्टा करतात.

या विषयात शिरायचे असेल तर कॉम्प्टनपासून सुरुवात करू नये, जरी तो सर्वांत रंजक आहे. सरदेसायांच्या 'मराठी रियासती'तले उत्तर विभाग आधी वाचावेत, मग कूपर, आणि कॉम्प्टन शेवटी. आणि जमले तर असईला जाऊन यावे. दोन नद्यांच्या मधला तो चिंचोळा तुकडा पाहिला की नकाशावर न कळणाऱ्या बऱ्याच गोष्टी कळतात.